पितळी नळीचा हट्ट

तुतारी फुंकणाऱ्याला जवळून पाहिलंय का रे कधी? लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या स्वागताला? पुढच्या वेळी कानांवर हात ठेवण्याआधी त्याच्या बोटांकडे बघा. बासरीवाल्याची बोटं सारखी नाचत असतात, सनईवाल्याचीही. तुतारीवाल्याची बोटं मात्र स्वस्थ. नाचवणार कशावर? तुतारीला ना भोकं, ना कळा. नुसती वाकडी नळी. तरीही तिच्यातून दोन, तीन, कधी चार वेगवेगळे सूर निघतात. ते येतात कुठून?

ओठांतून, असं म्हणाल तर निम्मं बरोबर. ओठ थरथरतात आणि नळीतल्या हवेला थरथरवतात. पण ओठ मागतील तो सूर नळी देईलच असं नाही. हवेची लाट नळीच्या तोंडापर्यंत जाते, आणि मजा अशी की नळी तिथे उघडी असूनही लाटेचा बराचसा भाग माघारी फिरतो. माघारी आलेली लाट आणि ओठांपासून निघालेली नवी लाट यांचा मेळ बसला तर आवाज वाढत जातो. नाही बसला तर दोघी एकमेकींना मारून टाकतात. झोका देताना तुम्ही काय करता? झोका मागे येऊन वळला, की त्याच क्षणी ढकलता. भलत्या वेळी ढकललं तर झोका चढत नाही, उलट अडखळतो. नळीतल्या हवेचंही तेच. तिला ठरावीक लयीच मंजूर असतात, आणि त्या लयी ठरतात नळीच्या लांबीवरून.

मंजूर कोणत्या, ते ऐका. एखाद्या नळीचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला ५० कंपनांचा असेल, तर पुढचा मिळेल १०० चा, मग १५०, २००, २५०, ३००, असे पटीपटीने. १२० मागाल तर मिळणार नाही. १७० चा तर विचारच नको. जणू एक शिडी आहे आणि पाय ठेवायचा तो पायरीवरच.

थोरले, तू पेटी शिकतेस ना? मग ही शिडी सरगमात सांगतो. पहिल्या पायरीला सा म्हण. दुसरी पायरी म्हणजे त्याच्या वरचा सा. तिसरी प. चौथी पुन्हा सा. पाचवी ग, आणि तोही शुद्ध. सहावी प. सातवी कोमल निषादाच्या जवळची, पण त्याहूनही थोडी उतरलेली, त्यामुळे जरा बेसूर वाटणारी. आठवी सा. इथून वर पायऱ्या दाट होतात. नववी रे, दहावी ग, अकरावी धड शुद्ध मध्यम नाही की तीव्र मध्यम नाही, दोघांच्या मध्ये लोंबकळणारी, आणि बारावी प. हे कुण्या उस्तादाने बसवलेलं नाही. हवेनं आणि नळीनं आपापसात ठरवलेलं आहे. तारेचंही असंच असतं. चांगला जुळलेला तंबोरा छेडला, की त्यात कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. तो शिडीच्या पाचव्या पायरीवरचा गंधार.

खोटं वाटत असेल तर बागेला पाणी घालायचा पाइप घ्या, एका टोकाला नरसाळं खोचा आणि दुसऱ्या टोकाला ओठ लावून फुंका. हसू नका. १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये डेनिस ब्रेन नावाच्या नामांकित हॉर्नवादकाने भरल्या सभागृहापुढे बागेच्या पाइपावर वाजवून दाखवलं होतं. लोक पोट धरून हसले, पण सूर बरोबर लागले. नळी पितळेची आहे की रबराची, याच्याशी हवेला फारसं देणंघेणं नसतं. तिला लांबी कळते.

आता या शिडीवरून आपण थेट अडीचशे वर्षं मागे, युरोपात जाऊ.

तिथे त्या काळी सिंफनी नावाचा प्रकार बहरला होता. वीस, तीस, चाळीस वादकांनी मिळून वाजवायची मोठी रचना, बहुधा चार भागांची. तिच्या नावातच पट्टी सांगितलेली असते. सिंफनी इन डी मेजर, सिंफनी इन सी मायनर, असं. आपला गवई बसताना पेटीवाल्याला सांगतो, ‘काळी एक द्या’ किंवा ‘पांढरी चार’. तसंच ते. त्यांचा सी म्हणजे आपली पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई-फ्लॅट म्हणजे काळी दोन. आणि मेजर-मायनरचा मुख्य फरक गंधारात. मेजरला शुद्ध गंधार, मायनरला कोमल. तेवढ्या एका स्वराने सगळा चेहरा बदलतो.

आपल्याकडे पट्टी ठरवतो गवयाचा गळा. पण त्या काळच्या सिंफनीत कुणी गातच नसे. मग पट्टी कुणाच्या गळ्याने ठरायची? आठशे पानांचे ग्रंथ लिहिणारे पंडित तुम्हाला सांगतील की रचनाकाराच्या मनातल्या भावाने. तेही खोटं नाही. पण वाद्यवृंदात मागच्या रांगेत दोन-चार माणसं पितळी नळ्या घेऊन बसलेली असत, आणि पट्टी ठरवताना त्यांना विचारल्यावाचून कुणाचंच चालत नसे.

त्यातली एक नळी म्हणजे हॉर्न. शिकारीला जाताना घोड्यावर बसून खांद्याला अडकवता यावी म्हणून वेटोळी केलेली. उलगडली तर एफ पट्टीचा हॉर्न सुमारे पावणेचार मीटर भरेल. डीचा जवळजवळ साडेचार मीटर. खालच्या सीचा सुमारे पाच. प्रत्येक लांबीची शिडी वेगळी. सिंफनी डीमध्ये असेल तर हॉर्नचा सा डीवरच हवा. मग दर पट्टीला नवा हॉर्न विकत घ्यायचा का? नाही. त्यांनी युक्ती काढली. हॉर्नला जोडायच्या सुट्या वेटोळ्या नळ्या केल्या. त्यांना क्रुक म्हणतात. लांब क्रुक जोडला की हॉर्न खालच्या पट्टीत, आखूड जोडला की वरच्या. हॉर्नवाला मैफलीला येताना क्रुकांची पेटीच घेऊन यायचा. मात्र त्या पेटीत ज्या पट्टीचा क्रुक नाही, ती पट्टी त्याच्यापुरती जगात नाही.

आणि इथे आपली पहिली गोष्ट सुरू होते. जोसेफ हायडनची.

हायडन हा एस्टरहाझी नावाच्या बड्या सरदार घराण्याच्या पदरी होता. त्यांचा राजपुत्र निकोलाउस मोठा संगीतवेडा. हंगेरीत दलदलीच्या मुलखात त्याने एस्टरहाझा नावाचा आलिशान महाल उभा केला होता आणि उन्हाळाभर तो सगळा लवाजमा घेऊन तिथे राहायचा. वादकांची बायकामुलं मात्र दूर, आयझेनश्टाट गावात. १७७२ साली उन्हाळा सरला, तरी राजपुत्र हलायचं नाव घेईना. वादक कासावीस झाले. मालकाला सांगायचं कुणी? ते गेले हायडनकडे. त्याला सगळे ‘पापा’ म्हणत.

हायडनने अर्ज लिहिला नाही, सिंफनी लिहिली. पट्टी निवडली एफ-शार्प मायनर. म्हणजे आपली काळी तीन, कोमल गंधाराची. त्या शतकातली या पट्टीतली दुसरी सिंफनी आज तरी कुणाला ठाऊक नाही, इतकी ती आडवाटेची. हॉर्नवाल्यांच्या पेटीत तिचा क्रुक असणार कुठून? म्हणून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या कारागिराकडून अर्धा सूर उतरवणाऱ्या दोन खास जोडनळ्या करून घेतल्याची नोंद दरबारच्या हिशेबात सापडते. बघा, एका पट्टीपायी खजिन्यातून पैसे मोजावे लागले.

पण एवढा खटाटोप कशासाठी? व्हायोलिनला चार तारा असतात. जी, डी, ए आणि ई. सिंफनीचा शेवट होतो एफ-शार्प मेजरमध्ये, आणि त्या पट्टीच्या सात स्वरांत या चारांपैकी एकही बसत नाही. मोकळी तार मदतीला यायची सोयच नाही. प्रत्येक सूर बोटाने दाबून काढायचा. आवाज आपोआप दबका, अंग चोरून बसल्यासारखा होतो. हायडनने तसाच आवाज हवा म्हणून ती पट्टी घेतली, की कानाला अस्वस्थ करण्यासाठी, ते त्याने लिहून ठेवलेलं नाही. पण पुढे काय झालं ते ऐका. शेवटचा भाग धावतपळत सुरू झाला आणि एकाएकी थांबला. संथ धून लागली. एक ओबोवाला आणि एक हॉर्नवाला आपापला तुकडा वाजवून उठले आणि चालते झाले. मग आणखी दोघे. मग सगळ्यात जाडजूड डबल बास. मग चेलो. एकेक जण उठतोय, निघून जातोय. अखेर उरली दोन व्हायोलिनं, तारांवर आवाज दाबणारी छोटी चिमटी लावलेली. त्यांनी तो एफ-शार्प मेजरचा शेवट पुरा केला.

राजपुत्र काय समजायचं ते समजला. दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलवण्याचा हुकूम सुटला, असं हायडनचे जुने चरित्रकार सांगतात. ही ४५ वी सिंफनी आज ‘फेअरवेल’ या नावाने वाजवली जाते.

धाकट्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. मोकळ्या तारेने एवढा काय फरक पडतो? चल, सांगतो. व्हायोलिनवर तू डी वाजवलास, की शेजारची न छेडलेली तारही आपसूक कंप पावते, कारण हवेतून आणि लाकडातून तिला तिच्याच लयीचे धक्के मिळतात. आपल्या सतारीच्या तरफांचं गुपित हेच. त्यामुळे डी मेजरमध्ये व्हायोलिनचा ताफा खुलतो. सा आणि प या दोन्ही स्वरांच्या तारा मोकळ्या. त्यात ट्रंपेट, म्हणजे त्यांची तुतारी, बहुधा डी किंवा सीची. आणि दोन मोठे नगारे, टिंपनी, एक सा मध्ये आणि एक प मध्ये जुळवलेले. डी पट्टीत तिघांचं गोत्र जमतं. म्हणून राजाचा विजय असो, देवाचा जयजयकार असो, की पॅरिसच्या रसिकांना दिपवायचं असो, डी मेजर ठरलेली. मोझार्टची ‘पॅरिस’ सिंफनी डीमध्ये, ‘हाफनर’ डीमध्ये, ‘प्राग’ डीमध्ये. हायडनची शेवटची, १०४ वी, तीही डीमध्ये. हॅंडलचा ‘हालेलुया’ कोरसही डीमध्येच.

नगाऱ्याचं एक जाता जाता सांगून टाकतो. ताणलेल्या चामड्याला नळीसारखी पटीपटीची शिडी नसते. त्याच्या लयी वेड्यावाकड्या असतात, म्हणून साध्या ढोलातून धड सूर ऐकू येत नाही. टिंपनीच्या चामड्याखाली तांब्याची मोठी कढई असते, आणि तिच्यात कोंडलेली हवा त्या वेड्यावाकड्या लयींना बरंचसं वळण लावते. आपल्या पूर्वजांनी तेच काम तबल्या-मृदंगाच्या शाईकडून करून घेतलं. सर सी. व्ही. रामन यांनी त्याचा अभ्यास करून दाखवून दिलं, की त्या काळ्या टिकलीमुळे चामडंही शिडी चढायला शिकतं.

मोझार्ट मोठा मिस्कील. १७७९ साली त्याने व्हायोलिन आणि व्हिओला या दोघांसाठी एक रचना केली, ई-फ्लॅट मेजरमध्ये. या पट्टीत तारा जरा दबून बोलतात. व्हिओला आधीच भिडस्त आवाजाचं, व्हायोलिनपुढे त्याचा टिकाव लागणार कसा? म्हणून मोझार्टने व्हिओलावाल्याला सांगितलं की तुझ्या तारा अर्ध्या सुराने चढव, आणि तू वाजव डीच्या बोटांनी. ऐकू येणार ई-फ्लॅटच, पण तारा मोकळ्या लागणार. सगळा वाद्यवृंद दबक्या आवाजात आणि त्यांच्यात हा एकटा व्हिओला खुललेला.

आता खरी अडचण. मघाची शिडी आठवा. सा, सा, प, सा, ग, प. पाचव्या पायरीवर गंधार आहे, पण शुद्ध. कोमल गंधार कुठे आहे? पहिल्या सोळा पायऱ्या धुंडाळा, सापडणार नाही. म्हणजे मायनर पट्टीचा जो प्राण, तोच स्वर पितळी नळीला मंजूर नाही. मायनर सिंफनीत हॉर्नवाल्याने करायचं काय? सा वाजवायचा, प वाजवायचा आणि एरवी गप्प बसायचं. त्या काळी मायनर सिंफन्या इतक्या थोड्या का, याचं एक कारण हेही आहे. मोझार्टच्या क्रमांक दिलेल्या ४१ सिंफन्यांत मायनर फक्त दोन. २५ वी आणि ४० वी. दोन्ही जी मायनर, म्हणजे पांढरी पाच.

पण पहिली लिहिली तेव्हा हा पोरगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याने काय केलं बघा. पांढरी पाचचा कोमल गंधार म्हणजे काळी पाच, त्यांचा बी-फ्लॅट. मग त्याने दोनऐवजी चार हॉर्न घेतले. दोन जीचे आणि दोन बी-फ्लॅटचे. जीच्या हॉर्नला जो कोमल गंधार येत नाही, तो बी-फ्लॅटच्या हॉर्नचा चक्क सा. दोन शिड्या शेजारी शेजारी लावल्या आणि एकीवर नसलेली पायरी दुसरीवरून घेतली! ही युक्ती हायडननेही आपल्या जी मायनर सिंफनीत केली होती. पुढे १७८८ च्या उन्हाळ्यात मोझार्टने ४० वी लिहिली तेव्हा हॉर्न दोनच होते. त्याने एकाला जीचा क्रुक लावायला सांगितला, दुसऱ्याला बी-फ्लॅटचा. ट्रंपेट आणि नगारे त्या सिंफनीत नाहीतच. आणि दोनच आठवड्यांनी पुरी झालेली ४१ वी, ‘ज्युपिटर’, ती सी मेजरमध्ये, ट्रंपेट-नगाऱ्यांसकट.

आता येतो बीथोव्हेन. हा कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. पण नळीचं ऐकलं त्यानेही, आणि असं ऐकलं की नळीचा हट्ट हीच त्याची गोष्ट झाली.

त्याची तिसरी सिंफनी ‘इरॉइका’ ई-फ्लॅट मेजरमध्ये आहे, तीन हॉर्नांची. तिची मुख्य धून सरगमात म्हणतो. सा, ग, सा, खालचा प, सा, ग, प, सा. काही लक्षात येतंय? सगळे स्वर शिडीवरचे! वीरपुरुषाची ही धून चेलोवर सुरू होते, पण ती घडली आहे हॉर्नच्या हाडामांसाची. पुढे एके ठिकाणी त्याला हीच धून हॉर्नवर एफ पट्टीत हवी झाली. ई-फ्लॅटच्या नळीतून एफची धून निघणार नाही. म्हणून त्याने पहिल्या हॉर्नवाल्याला आधी विसावा दिला, क्रुक बदलायला लावला, एफमध्ये धून वाजवून घेतली, आणि पुन्हा विसावा देऊन जुना क्रुक जोडायला लावला. कागदावर नुसती विश्रांतीची चिन्हं दिसतात. खरं तर त्या वेळात एक माणूस खाली मान घालून नळ्या काढघाल करत असतो.

मग पाचवी सिंफनी. २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्नाचं थिएटर आन डेर वीन. कडाक्याची थंडी आणि चार तास चाललेला कार्यक्रम. सिंफनी सी मायनरमध्ये. पांढरी एक, कोमल गंधार. सुरुवात तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली आहेच. प प प, आणि दाणकन कोमल ग. हॉर्न कोणते घ्यावेत? सीचे घेतले तर कोमल गंधार मिळत नाही. बीथोव्हेनने ई-फ्लॅटचे घेतले. सीचा कोमल गंधार म्हणजे ई-फ्लॅट, हॉर्नचा हुकमी सा. थोड्या वेळाने सूर पालटून ई-फ्लॅट मेजरमध्ये जातो, तेव्हा हेच हॉर्न एक ललकारी देतात. प प प सा रे प. सगळ्या पायऱ्या भक्कम.

त्या काळच्या सिंफनीच्या नियमाप्रमाणे ही ललकारी पुढे परत येते, पण या वेळी सी मेजरमध्ये. आली का पंचाईत! ई-फ्लॅटच्या हॉर्नवर सीचा सा पडतो धैवताच्या जागी, आणि तिथे पायरीच नाही. इरॉइकासारखा क्रुक बदलावा म्हणाल तर उसंत नाही, कारण हॉर्न आधीच्या धुमश्चक्रीत गुंतलेले. मग बीथोव्हेनने ललकारी दिली बसून नावाच्या लाकडी वाद्याला. त्याला भोकं आहेत, कळा आहेत, तो कुठलाही सूर काढतो. पण हॉर्नची छाती त्याला नाही. काहींना तिथे जरा हसूच येतं.

आता ट्रंपेटांकडे बघा. ते सीचे आहेत. त्यांच्या शिडीवर शुद्ध गंधार आहे, पण सी मायनरमध्ये तो वाजवला तर अनर्थ. म्हणून पहिल्या भागात ते बहुतेक सा आणि प यांवरच टिच्चून उभे. तोंडात स्वर आहे आणि म्हणायची सोय नाही. दुसरा भाग संथ, ए-फ्लॅट पट्टीत. पण मधूनच तो सी मेजरमध्ये उसळतो आणि तेवढ्यापुरते ट्रंपेट मोकळे होतात. पुन्हा अंधार. तिसऱ्या भागाच्या शेवटी नगारा हळूहळू ठोके देत राहतो, सगळं दबा धरून बसल्यासारखं. आणि मग एकदम चौथा भाग, सी मेजर. हॉर्नवाल्यांनी आता सीचे क्रुक लावलेत. तोवर तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन उठलेत. आणि सगळे मिळून कोणती धून वाजवतात? सा, ग, प.

बस्स, तीनच स्वर. शिडीच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीवरचे. ज्या गंधारासाठी ट्रंपेट इतका वेळ थांबले होते, तो त्यांना मिळाला. लोक म्हणतात, बीथोव्हेनने अंधारावर उजेडाचा विजय रंगवला. रंगवला खरा. पण त्यासाठी त्याने नवा रंग शोधला नाही. नळीच्या पोटात जो स्वर निसर्गाने पहिल्यापासून ठेवला होता, तो त्याने अडवून धरला आणि नेमक्या वेळी सोडला.

आता मघाशी ज्या पंडितांची मी जरा थट्टा केली, त्यांचंही ऐकू. क्रिस्टियान शुबार्ट नावाचा एक जर्मन कवी आणि संगीतकार होता. सत्तेवर टीका केल्याबद्दल त्याला दहा वर्षं होहेनआस्पर्गच्या किल्ल्यात डांबलं होतं. तिथे त्याने पट्ट्यांचे स्वभाव लिहून काढले. डी मेजर विजयाची, सी मायनर प्रेमाच्या कबुलीची आणि विरहाच्या विलापाची, असं एकेकीचं. त्याच्या मृत्यूनंतर १८०६ साली ते पुस्तक छापून आलं आणि पुष्कळांनी ते खरं मानलं. एखाद्या पट्टीच्या कंपनसंख्येतच दुःख किंवा आनंद भरलेला असतो का? तपासायला सोपं आहे. आज मधला ए सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं. अठराव्या शतकातले जे ट्यूनिंग फोर्क उरलेत, त्यांतले काही ४२२ च्या आसपासचे आहेत. म्हणजे फरक जवळजवळ पाऊण अर्ध्या-सुराचा. आपण आज जी डी मेजर म्हणून ऐकतो, ती मोझार्टच्या कानाला ई-फ्लॅटच्या जवळपास वाटली असती. तरीही ‘पॅरिस’ सिंफनी आजही झगमगतेच. मग झगमगाट आकड्यात कसा असेल? तो मोकळ्या तारांत आहे, सा-प मध्ये जुळलेल्या नगाऱ्यांत आहे, नळीच्या शिडीत आहे. शुबार्टचा कान खोटा नव्हता. त्याने जे ऐकलं त्याचं कारण मात्र पट्टीच्या नावात नव्हतं, वाद्यांच्या अंगात होतं.

नळीचा हट्ट मोडायचे प्रयत्नही झाले बरं का. ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकाने अठराव्या शतकाच्या मध्याला हॉर्नच्या तोंडात हात घालून पायऱ्यांच्या मधले सूर काढायची पद्धत बसवली. सूर निघायचे, पण घुसमटलेले, नाकातून आल्यासारखे. मग १८१४ च्या सुमाराला श्ट्योल्त्सेल नावाच्या जर्मन हॉर्नवादकाने झडप बसवली. बोटाने कळ दाबली की जादा नळीचा तुकडा हवेच्या वाटेत येतो, सोडली की बाहेर. म्हणजे क्रुकांची अख्खी पेटी हॉर्नच्या अंगावरच आली, आणि बदलायला वेळ लागतो डोळ्याची पापणी लवण्याइतका. नीट पाहिलंत तर हट्ट मोडलेला नाही. दर वेळी नळीची लांबी बदलते आणि दर लांबीची शिडी तीच. नुसत्या अनेक शिड्या हाताशी आल्या. त्यानंतर रचनाकारांना सगळ्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. हायडनला जिच्यासाठी खास नळ्या करवून घ्याव्या लागल्या, त्या एफ-शार्पमध्ये १९१० साली माहलरने आपली दहावी सिंफनी मांडायला घेतली. हॉर्नवाल्यांना कुणी काही विचारलं नाही.

सगळ्यांनाच ही सोय आवडली असं मात्र नाही. ब्राम्सचे वडील हॉर्न वाजवायचे, तोही लहानपणी शिकला होता. १८७६ साली त्याची पहिली सिंफनी झाली तेव्हा झडपा येऊन साठ वर्षं उलटली होती. तरी त्याने हॉर्नसाठी जुन्या रिवाजानेच लिहिलं. पट्टी सी मायनर, पहिल्या भागात दोन हॉर्न सीचे, दोन ई-फ्लॅटचे. मोझार्टची ती दोन शिड्यांची युक्ती! आणि शेवटच्या भागात काळोखी संपते ती हॉर्नच्या हाकेने. ग, रे, सा, प. आल्प्सच्या डोंगरात गुराखी लांबलचक लाकडी अल्पहॉर्न फुंकतात, त्याची ही धून. आठ वर्षांपूर्वी ब्राम्सने ती क्लारा शूमानला वाढदिवसाची भेट म्हणून कागदावर उतरवून पाठवली होती. दहावी, नववी, आठवी, सहावी पायरी. अल्पहॉर्नलाही भोक नाही, कळ नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. पाचव्या सिंफनीतली ती बसूनला दिलेली ललकारी आठवते ना? आजच्या झडपांच्या हॉर्नवर ती सहज वाजते. म्हणून पुष्कळ संचालकांनी ती काढून हॉर्नला दिली. त्यांचं म्हणणं, बीथोव्हेनला हवा होता हॉर्नच, नळीने अडवलं म्हणून त्याने नाइलाजाने बसून घेतला. दुसरे म्हणतात, त्याने लिहिलंय तेच वाजवा. काही जण तर जुने, बिनझडपेचे हॉर्न क्रुकांसकट घेऊन बसतात. तुम्ही दोन्ही तऱ्हा मिळवून ऐका. माझं मत विचाराल तर मी बसूनवाल्यांच्या बाजूचा. हॉर्नची धून बसूनवर आली की विजय अजून पुरा झालेला नाही हे कळतं, आणि पुढे तीन भाग बसून राहायला कारण मिळतं. पण थोरलीला हॉर्न जास्त आवडेल, असं मला वाटतं. तसं झालं तर नुसतं ‘आवडलं’ म्हणून चालणार नाही हं, कारण सांगायचं, आणि तेही पायऱ्यांच्या हिशेबात.